पत्त्यांची वही चुकली तर?

नेसरीला पत्र पाठवताना आपण लिहितो : मु. पो. नेसरी, तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र. पत्र पोहोचते मात्र उलट्या क्रमाने. आधी राज्य, मग जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव.

इंटरनेटवरील नावेही अशीच शेवटाकडून उलगडतात. ‘कोल्हापूर.गव्ह.इन’ हे जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाचे नाव घ्या. संगणकाला नाव पुरत नाही. त्याला अंकांचा पत्ता लागतो. नावावरून अंक शोधून देणारी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी मांडली. तिच्यात साऱ्या जगाची एकच वही नसते. मूळ सर्व्हर ‘इन’ची वही कोणाकडे आहे एवढेच सांगतो. तेथून ‘गव्ह.इन’चा ठावठिकाणा कळतो, आणि असे करत आपण नेमक्या नोंदीपर्यंत पोहोचतो. नावांच्या या झाडाचा जो भाग एकाच्या ताब्यात असतो, तो ‘झोन’. त्यातील प्रत्येक नोंद म्हणजे ‘रेकॉर्ड’. ‘ए’ रेकॉर्ड अंकी पत्ता सांगते. ‘एमएक्स’ रेकॉर्ड ईमेल कोठे पोहोचवायची ते सांगते.

आता ही वहीच मिळेनाशी झाली तर? २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तसे घडले. डाइन या अमेरिकन कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांवर निरर्थक मागण्यांचा भडिमार झाला. ट्विटर, गिटहब यांसारखी संकेतस्थळे अनेकांना सापडेनात. त्यांचे संगणक धडधाकट होते; हरवला होता तो पत्ता!

यावर उपाय म्हणजे वहीच्या प्रती दोन कंपन्यांकडे ठेवणे. पण एका प्रतीत बदल केला आणि दुसरीत विसरला, तर विचारणाऱ्याला कधी नवे, कधी जुने उत्तर मिळणार. शेकडो नोंदी हाताने जुळवणे म्हणजे चुकांना आमंत्रणच.

म्हणून २०१७ साली गिटहबने ‘ऑक्टोडीएनएस’ ही आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. सर्व नोंदी एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायच्या. तीच खरी वही. आज्ञावली प्रत्येक कंपनीकडील नोंदी तिच्याशी ताडून पाहते आणि काय वाढवायचे, काय बदलायचे, काय खोडायचे याची यादी दाखवते. माणसाने मान्यता दिल्याखेरीज एक अक्षरही बदलत नाही. सातबाऱ्यावरील नाव बदलण्याआधी फेरफाराची नोंद होते, हरकतींसाठी नोटीस निघते आणि नोंद मंजूर झाल्यावरच सातबारा बदलतो, तसेच हे. शिवाय झोनमध्ये निदान दहा नोंदी असतील आणि त्यांतील ३० टक्क्यांहून अधिक खोडल्या जाणार असतील, तर ही आज्ञावली एरवी कामच नाकारते.

तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. मूळ फाइलीतच अंक चुकला, तर आज्ञावली ती चूक दोन्हीकडे इमानाने उतरवील! आणि ती लगेच निस्तरताही येत नाही. मिळालेले उत्तर वाटेतील सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतात. रेकॉर्डवर ३,६०० सेकंदांची मुदत असेल, तर चूक सुधारल्यावरही तासभर कोणाला तरी चुकीचा पत्ता मिळत राहील. तो तास दहावीच्या निकालाचा असला, तर नेसरीतील विद्यार्थी मोबाईल हाती धरून ताटकळतच बसेल. जुळवणी यंत्राने करावी. यादी मात्र माणसाने डोळ्यांत तेल घालून वाचावी.

करून पाहा : शाळेच्या संगणकावर आज्ञा देण्याची खिडकी उघडा. ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा, मोकळी जागा आणि एखाद्या संकेतस्थळाचे नाव इंग्रजी अक्षरांत टंकित करा. समोर अंक उमटतील. तुम्ही एक रेकॉर्ड वाचलेत!