पुरणपोळीची किल्ली

‘बाबा आये आसेठ, कसा चाप!’

वाचकहो, ही छपाईची चूक नव्हे. वाक्य अस्सल मराठी आहे. फक्त त्यातली व्यंजने आपापली घरे सोडून दुसऱ्यांच्या घरात राहायला गेली आहेत. त्यांना परत आणले की साधा घरगुती निरोप हाती येतो : ‘मामा आले आहेत, चहा टाक!’

शब्दकोडी आपल्याकडे घरोघर सोडवली जातात. रविवारची पुरवणी आली की चौकटीच्या पानावरून भांडणे होणारी घरे मी पाहिली आहेत. पण अक्षरबदलाची ही कोडी मराठीत फारशी कोणी करत नाही. इंग्रजीत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. एडगर ॲलन पोने १८४३ साली ‘द गोल्ड बग’ ही अख्खी गोष्ट अशा एका चिठ्ठीवर उभी केली, आणि शेरलॉक होम्सला नाचणाऱ्या माणसांच्या चित्रांतून खुनी सापडला तोही याच वाटेने. मराठीत हे जमत नाही, मात्रा आणि जोडाक्षरे आडवी येतात, असे मला एका जाणकार गृहस्थांनी ऐकवले होते. मला ते पटत नाही. उलट आपली वर्णमाला या खेळासाठी इंग्रजीपेक्षा अधिक रंगतदार आहे, असे माझे मत आहे.

रीत सांगतो. कागदावर क पासून ळ पर्यंतची व्यंजने एका ओळीत लिहा. ङ आणि ञ यांना रजा द्या, म्हणजे बत्तीस उरतात. आता एक किल्लीचा शब्द ठरवा. मी ‘पुरणपोळी’ घेतो. मात्रा काढल्या की प, र, ण, प, ळ. प दुसऱ्यांदा आला, तो गाळा. उरले प, र, ण, ळ. ही चार अक्षरे दुसऱ्या ओळीत आधी मांडा आणि त्यांच्यामागून राहिलेली सगळी व्यंजने नेहमीच्या क्रमाने :

क ख ग घ च छ ज झ ट ठ ड ढ ण त थ द ध न प फ ब भ म य र ल व श ष स ह ळ
प र ण ळ क ख ग घ च छ ज झ ट ठ ड ढ त थ द ध न फ ब भ म य ल व श ष स ह

वरच्या अक्षराऐवजी त्याच्या खालचे लिहायचे. मात्रा, अनुस्वार आणि अ, आ, इ हे सुटे स्वर जिथल्या तिथे. जोडाक्षर असेल तर दोन्ही व्यंजने वेगवेगळी बदलून पुन्हा जोडायची. ज्ञ ला मात्र हात लावायचा नाही.

आणि मग गंमत बघा. या एका पुरणपोळीमुळे काकाचा पापा होतो आणि मामाचा बाबा! काचेचा पाक होतो, टाचेचे चाक, नाकाची थाप आणि पाण्याची दाटी. हे मी जुळवलेले नाही. तक्ता मांडला आणि ते आपोआप निघाले. इंग्रजीत असे क्वचित होते, कारण तिथे स्वरही बदलतात आणि शब्दाचा पार चुराडा होतो. आपल्याकडे मात्रा जागेवर राहिल्याने बदललेला शब्दही उच्चारता येतो, कधी कधी त्याला स्वतःचा अर्थही असतो. सोडवणारा त्या अर्थाच्या मागे धावतो आणि फसतो.

किल्लीच्या शब्दात ळ असावा, हा माझा अनुभवाचा सल्ला. ‘कमल’ हा शब्द घेतलात तर क च्या खाली क च येईल, आणि ल च्या पुढची व पासून ळ पर्यंतची सगळी अक्षरे जशीच्या तशी उघडी पडतील. ळ हे ओळीतले शेवटचे अक्षर. ते पुढे काढले की मागच्या सगळ्यांना सरकावेच लागते. तेव्हा ओवाळणी, मंगळागौर, धुळवड, तिळगूळ. ळ च्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे!

हा खेळ आपल्याला परका नाही. लहानपणी च ची भाषा आपण सगळेच बोललो; पाण्याला ‘चाणीप’ म्हणत मोठ्या माणसांसमोर बिनधास्त गुपिते फोडली. कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे, तिच्यात ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची एक कला आहे : शब्द ओळखीचे असूनही अक्षरे फिरवल्यामुळे कळू नयेत असे लिहिणे-बोलणे. यशोधराच्या जयमंगला टीकेत मूलदेवाच्या नावाची पद्धत येते. तिच्यात अक्षरांच्या जोड्या लावून ख च्या जागी ग आणि ग च्या जागी ख अशी अदलाबदल करतात. करपल्लवीही होतीच. हाताने नागाचा फणा केला की स्वर, कमळ केले की कवर्ग, चक्र केले की चवर्ग, आणि मग वर्गातले कितवे अक्षर ते बोटांनी.

मराठीतले सर्वांत मोठे कूट मात्र खेळासाठी नव्हते. महानुभावांनी चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पंथाबाहेरच्या माणसाला पोथी उघडूनही काही कळू नये, हा हेतू. तो इतका सफल झाला की आपल्या भाषेचे आरंभीचे गद्य शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी माणसाला वाचताच आले नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि विसाव्या शतकात तो ठेवा सर्वांसमोर येऊ लागला. एका तक्त्याची अडचण होती, दुसरे काही नाही. विचार करू लागलो की मला अजूनही थोडे चमत्कारिक वाटते.

आणि तक्ता दुसऱ्याच्या हाती लागला तर? स्कॉटलंडची राणी मेरी कैदेत असताना एलिझाबेथ राणीला मारण्याच्या कटाबद्दलची पत्रे सांकेतिक चिन्हांत लिहीत होती. पत्रे वाटेतच उघडली जात आणि टॉमस फेलिप्स नावाचा तज्ज्ञ ती वाचून काढी. हे १५८६ साली. पुढच्या फेब्रुवारीत मेरीचा शिरच्छेद झाला. ती चिन्हांवर विसंबून मोकळेपणाने लिहीत राहिली. साधी भाषा वापरली असती तर कदाचित जपून लिहिले असते.

फेलिप्सची युक्ती त्याच्याही सातशे वर्षे आधी बगदादच्या अल किंदीने लिहून ठेवली होती : कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा. मराठीत त, र, ल, न, च, य, ह, क यांची गर्दी असते. झ, ढ, छ, फ कधीतरी डोकावतात. पण लहान चिठ्ठीत मोजणीपेक्षा डोळस नजर जास्त कामाची. वरचेच वाक्य घ्या. ‘आसेठ’ हा शब्द आ ने सुरू होतो आणि दुसऱ्या अक्षरावर एक मात्रा आहे. ‘आहेत’ शिवाय दुसरे काय असणार? म्हणजे स हा ह, ठ हा त. मग ‘कसा’ म्हणजे ‘काहीतरी-हा’ : चहा, दहा, पहा. ‘बाबा’ मध्ये एकच अक्षर दोनदा; आणि आपल्याकडची निम्मी नाती तशीच, मामा, काका, दादा, नाना! कोणीतरी आले आहेत, तेव्हा चहाच, आणि चहा असेल तर ‘चाप’ म्हणजे ‘टाक’. आता ही अक्षरे तक्त्यात भरा. च च्या खाली क आला. म्हणजे पहिली चार घरे किल्लीने व्यापली आहेत. क च्या खाली प आला, म्हणजे किल्ली प ने सुरू होते. चार वेगळी व्यंजने, सुरुवात प ने. इथे पेन्सिल खाली ठेवून थोडे स्वयंपाकघराकडे पाहावे.

या क्षणासाठीच मी कोडी करतो. निरोप वाचता येणे ही अर्धी मजा. कोडे करणाऱ्याच्या मनात कोणता शब्द होता ते कळणे ही उरलेली.

मला हे पहिल्यांदा कळले ते खेळात नव्हे. माझे वडील, अण्णा, खानदेशातल्या एका कापड दुकानात मुनीम होते. दुकानात ताग्याच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव अक्षरांत लिहीत. दहा वेगवेगळ्या अक्षरांचे एखादे वाक्य ठरवायचे, पहिले अक्षर म्हणजे एक, दहावे म्हणजे शून्य. गिऱ्हाइकासमोर चिठ्ठी वाचून विकणाऱ्याला कळे, घासाघीस कुठवर ताणू द्यायची. अण्णांनी तीच सवय घरच्या वहीत नेली होती, पण वाक्य स्वतःचे वापरून. १९८४ साली ते गेले. मी बँकेत लागून दोनच वर्षे झाली होती. ट्रंकेत वही मिळाली. माणसांची नावे आणि तारखा स्वच्छ देवनागरीत, एका बाजूला ‘दिले’, दुसऱ्या बाजूला ‘घेतले’, आणि आकड्यांच्या जागी ‘बमम’, ‘तघम’, ‘जम’.

बँकेत तेव्हा तारेने पैसे जात आणि तारेत एक तपासणीचा आकडा असे. त्याची पुस्तिका कुलपात. त्यामुळे गुप्त आकड्यांशी माझी ओळख नुकतीच झाली होती. उसने पैसे गोल रकमेत देतात, तेव्हा सारखे शेवटी येणारे म म्हणजे शून्य. ‘बमम’ आणि ‘घम’ सर्वांत जास्त वेळा. हातउसने शंभर किंवा पन्नासच मागतात, म्हणजे ब एक आणि घ पाच. माझ्या सायकलची पावती ट्रंकेतच होती, २१५ रुपयांची. वहीत सायकलीपुढे ‘तबघ’. जमले! वसतिगृहाची अनामत पंचाहत्तर होती ती माझ्या लक्षात होती, तिथे ‘वघ’. मी कागदावर मांडले : ब, त, मग दोन घरे रिकामी, घ, एक रिकामे, व, दोन रिकामी, म. शिल्लक अक्षरे र, ज, द, च, न. तासभर मी त्याच्याशी झटत होतो. आई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिने अक्षरे मोठ्याने म्हणायला लावली आणि न थांबता म्हणाली, “बा, तू रोज घे देवाचे नाम. वही लिहिताना पुटपुटायचे. मला वाटायचे, जप करतात.”

रात्रीपर्यंत सगळी वही वाचून झाली. अकरा जणांकडे मिळून ३,४८५ रुपये येणे होते. त्या काळी आमच्या घराला ही रक्कम लहान नव्हती. ‘घेतले’ बाजूला एकच नोंद होती, ‘रमम’. तीनशे. आईने दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्या घरी पैसे देऊन पाठवले. येण्यापैकी चौघे आपण होऊन आले. बाकीच्यांची नावे तिने पुन्हा कधी काढली नाहीत, आणि मलाही काढू दिली नाहीत. बँकेतला माणूस म्हणून मला ते बरेच दिवस खुपत होते.

आता माझी गिऱ्हाईक म्हणजे ठाण्याची नात. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी वेळापत्रकापुरते. मी दर शनिवारी तिला मोबाइलवर एक कूट पाठवतो. मराठी गोष्टीचे पुस्तक दिले तर ती दोन पानांत कंटाळते. पण परवा फोन करून विचारत होती, “आजोबा, ‘निवांत’ असा शब्द असतो का? तो बसतोय.” शब्द असतो हे सांगितले. अर्थ तिने आजीला विचारून घेतला. मग उलटपावली तिचेच एक कोडे आले, किल्लीचा शब्द ‘पिझ्झा’. त्यात ळ नाही, म्हणून शेवटची अक्षरे उघडी होती. मी चहा संपायच्या आत सोडवले. पुढच्या आठवड्यात तिने ‘भेळपुरी’ लावली, आणि मला जेवणाची वेळ झाली तरी उठता येईना.

एक कोडे तुमच्यासाठी. किल्लीचा शब्द पाच अक्षरांचा आहे, मध्य रेल्वेवरचे एक जंक्शन. ळ अर्थातच आहे. ‘थचा’ कडे आधी पाहा, वाक्य तिथे अडते. मग ‘व्बा’ कडे.

उड्डभ शादझमे डभ चुठामाषी शांसू थचा, रेखाभव्बा गभी थये चोझे दाजया.