वरची रेषा चढते, पण थराचे काय?



शाळेची पटसंख्या असो, गावाची लोकसंख्या असो की उसाचे उत्पादन, वर्षागणिक झालेला बदल दाखवायचा झाला की आपण रेषालेख काढतो. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापाराच्या आकड्यांचे असे आलेख पुस्तकात छापले, तेव्हापासून ही पद्धत जगभर रुळली. याच रेषालेखाचा एक प्रकार आता वर्तमानपत्रांत आणि सभांच्या अहवालांत वारंवार दिसतो. त्यात रेषा एकमेकींवर रचलेल्या असतात आणि मधल्या जागेत रंग भरलेले असतात. त्याला आपण ‘थरांचा आलेख’ म्हणू. दिसायला तो सुंदर असतो, पण वाचता आला नाही तर नेमकी उलटी समजूत करून देतो. म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर.

भाकरींची चवड डोळ्यांसमोर आणा. सर्वांत वरची भाकरी जमिनीपासून वीतभर उंचीवर असेल, पण म्हणून ती वीतभर जाड नसते. तिची उंची खालच्या भाकरींमुळे आहे. खाली आणखी दोन भाकरी सरकवल्या तर ती आणखी वर जाईल, जाडी मात्र तेवढीच राहील. थरांच्या आलेखातही तसेच आहे. रेषेची उंची म्हणजे खालच्या सर्व थरांची बेरीज. एखाद्या थराची खरी संख्या म्हणजे त्याच्या वरच्या आणि खालच्या रेषेमधले अंतर. फक्त तळाचा थर सपाट जमिनीवर उभा असतो, म्हणून तेवढाच एक नुसत्या नजरेने बरोबर वाचता येतो.

समजा, एका शाळेत दहा वर्षांपूर्वी मराठी माध्यमाची ४०० आणि इंग्रजी माध्यमाची १०० मुले होती. आज दोन्हीकडे ३००-३०० आहेत. (हे आकडे केवळ समजण्यासाठी मनाने घेतले आहेत.) तळाला इंग्रजी आणि वर मराठी असा आलेख काढला, तर मराठी थराची वरची रेषा ५०० वरून ६०० वर चढलेली दिसेल. बैठकीत घाईघाईने पाहणारा म्हणेल, ‘मराठीचे चांगले चालले आहे.’ प्रत्यक्षात शंभर मुले कमी झाली आहेत! तोच आलेख मराठी तळाला ठेवून काढला, तर घसरण लहान मुलालाही दिसेल. आकडे तेच, फक्त थरांचा क्रम बदलला. म्हणून पहिला नियम असा, की ज्याची चिंता आहे तो थर तळाला ठेवावा.

आता खरे आकडे घेऊ. आपण सीमाभागात राहतो. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा आपल्या कानांवर रोज पडतात. जनगणनेनुसार भारतात मराठी मातृभाषा सांगणारे लोक १९७१ मध्ये ४.१८ कोटी, १९८१ मध्ये ४.९५, १९९१ मध्ये ६.२५, २००१ मध्ये ७.१९ आणि २०११ मध्ये ८.३० कोटी होते. त्याच क्रमाने कन्नड सांगणारे २.१७, २.५७, ३.२८, ३.७९ आणि ४.३७ कोटी होते.

आलेख-वहीचे एक पान घ्या. आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर कोटी मांडा. आधी मराठीचे पाच बिंदू जोडा. दुसरी रेषा काढताना कन्नडचे आकडे तसेच मांडू नका, ते मराठीच्या आकड्यांत मिळवा. बेरजा येतील ६.३५, ७.५२, ९.५३, १०.९८ आणि १२.६७. हे बिंदू जोडले की दुसरा थर तयार झाला. आता कोणी दुसऱ्या रेषेचे टोक पाहून ‘कन्नड बोलणारे १२.६७ कोटी’ असे म्हटले, तर ती चूक ठरेल. १२.६७ मधून ८.३० वजा केल्यावरच ४.३७ हा खरा आकडा मिळतो.

हेच काम संगणकावर करण्यासाठी ‘आर’ नावाची संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात ती तयार केली. दोघांच्याही नावांचे पहिले अक्षर ‘आर’, हे या नावामागचे एक कारण. ती पूर्णपणे मोफत आहे, त्यामुळे शाळेच्या संगणक कक्षात किंवा घरच्या संगणकावर कोणालाही वापरता येते.

कृती थोडक्यात अशी. प्रथम तक्ता तयार करावा. त्यात वर्ष, भाषा आणि संख्या असे तीनच रकाने असावेत आणि प्रत्येक ओळीत एका वर्षाचा एका भाषेचा एकच आकडा असावा. पाच वर्षे आणि दोन भाषा म्हणजे दहा ओळी होतील. हा तक्ता ‘सीएसव्ही’ स्वरूपात जतन करून ‘आर’मध्ये वाचून घ्यावा. मग ‘जीजीप्लॉट टू’ हे जोड-पॅकेज उघडून आडव्या अक्षाला वर्ष, उभ्या अक्षाला संख्या आणि रंगासाठी भाषा हे रकाने नेमून द्यावेत. त्यानंतर ‘जिऑम एरिया’ ही आज्ञा दिली की थर आपोआप रचले जातात, बेरीज आपल्याला करावी लागत नाही.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. ‘जिऑम लाइन’ ही साध्या रेषेची आज्ञा आपण होऊन थर रचत नाही. तिला ‘पोझिशन’ म्हणजे मांडणी ‘स्टॅक’ असे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर प्रत्येक रेषा आपापल्या उंचीवर निघते. दुसरे असे, की भाषांच्या यादीत जे नाव शेवटी असेल तो थर तळाला जातो. म्हणजे कोणता थर तळाला ठेवायचा हे आपणच ठरवून यादीचा क्रम द्यायचा. संगणक बेरीज बिनचूक करील, पण आपल्याला काय पाहायचे आहे हे त्याला ठाऊक नसते.

आता या आलेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘पोझिशन’मध्ये ‘स्टॅक’ऐवजी ‘फिल’ असे लिहिले, की प्रत्येक वर्षाची एकूण उंची सारखी, म्हणजे शंभर टक्के होते आणि थराची जाडी म्हणजे हिस्सा ठरतो. त्यासाठी तक्त्यात ‘इतर सर्व’ असा तिसरा थर घालून देशाची पूर्ण लोकसंख्या मांडावी लागते. तसे केले की चित्र पालटते. मराठीचा हिस्सा १९७१ मध्ये ७.६२ टक्के होता, तो २०११ मध्ये ६.८६ टक्के झाला. कन्नडचा ३.९६ टक्के होता, तो ३.६१ वर आला. चाळीस वर्षांत दोन्ही भाषांचे लोक जवळपास दुप्पट झाले, पण देशाची लोकसंख्या दुपटीहून अधिक वाढली. म्हणून संख्या वाढूनही हिस्सा घटला. एकाच माहितीचे हे दोन आलेख आहेत आणि दोन्ही खरे आहेत. फक्त पहिला दाखवून कोणी आनंद मानील, फक्त दुसरा दाखवून कोणी भीती घालील. शहाण्या माणसाने दोन्ही मागून घ्यावेत. आणि सीमेच्या दोन बाजूंना उभ्या केल्या जाणाऱ्या या दोन भाषांची गत आलेखात सारखीच आहे, हेही मुलांनी जरूर लक्षात घ्यावे.

थराला दिलेले नावही तपासावे. २०११ च्या जनगणनेत हिंदीचा आकडा ५२.८३ कोटी आहे. त्यात भोजपुरी सांगणारे सुमारे ५ कोटी आणि राजस्थानी सांगणारे सुमारे अडीच कोटी लोकही धरलेले आहेत. थर कशाकशाचा बनला आहे हे विचारल्याशिवाय त्याच्या जाडीवर बोलू नये.

मुलांसाठी एक गृहपाठ देतो. बेळगाव जिल्ह्यात २००१ मध्ये २१,५०,०९० पुरुष आणि २०,६४,४१५ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये २४,२३,०६३ पुरुष आणि २३,५६,५९८ स्त्रिया होत्या. पुरुष तळाला ठेवून थरांचा आलेख काढा. दहा वर्षांत कोणाची संख्या जास्त वाढली, हे आधी नुसत्या नजरेने सांगा, मग वजाबाकी करून पाहा. दोन्ही उत्तरे वहीत लिहून आणा.

पालकांना आणि विश्वस्तांना एक विनंती. शाळेच्या सभेत पटाचा आलेख समोर आला की एकूण रेषेवर समाधान मानू नका. प्रत्येक माध्यमाचा आणि प्रत्येक इयत्तेचा थर वेगळा विचारा. वर्गखोल्या वाढवायच्या की पहिलीच्या प्रवेशासाठी घरोघरी जायचे, याचे उत्तर एकूण बेरजेत नसते, ते थराच्या जाडीत असते.

जाता जाता आणखी एक. २०२१ मध्ये व्हायची जनगणना झाली नाही आणि सरकारने २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना काढली आहे. मागील जनगणनेत प्रत्येकाची मातृभाषा आणि त्याशिवाय येणाऱ्या दोन भाषा नोंदवल्या गेल्या होत्या. गणना करणारे कर्मचारी, जे बहुधा शिक्षकच असतात, दारात आले की घरातील जाणत्या माणसाने समोर बसून प्रत्येकाची भाषा खरी आणि स्पष्ट सांगावी. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच जपायला हवे. उद्या कोणी थरांचा आलेख काढील, तेव्हा त्यातला प्रत्येक थर अशाच घराघरांतल्या उत्तरांनी भरलेला असेल.

सर्वांना नवीन शैक्षणिक वर्षाच्या शुभेच्छा.

— मुख्याध्यापक