शनिवार-रविवारची मुंबई



व्याख्यानमालेत इतिहास, अर्थकारण, साहित्य यांवर बोलले जाते. त्या व्यासपीठावरून, दोन दिवस मुंबईस जाऊन काय खावे, काय पाहावे आणि रात्र कोठे घालवावी, हे सांगणे काहींना हलके वाटेल. माझे म्हणणे असे की, ज्याला आठवड्यातून एक किंवा दोनच दिवस मोकळे मिळतात, त्याने ते कसे खर्चावेत हा अर्थकारणाचाच प्रश्न आहे. शिवाय हे दिवस आपोआप मिळालेले नाहीत. मुंबईच्या गिरण्यांतून पूर्वी ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी-कामगारांची संघटना उभी केली, सुट्टीची मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. तेव्हा रविवारी आपण जी सहल करतो तिचे अर्धे तिकीट लोखंड्यांनी काढलेले आहे, असे मी समजतो. अशा सुट्टीची उधळपट्टी होऊ नये, म्हणून हा आराखडा.

बहुतेकांची सहल फसते ती यादीमुळे. दहा ठिकाणे लिहून नेली जातात, आणि अर्धा दिवस गाडीत व उरलेला रांगेत जातो. मुंबई दक्षिणोत्तर लांब आणि पूर्वपश्चिम अरुंद अशी आहे. म्हणून पहिला नियम असा की, अर्ध्या दिवसाला एकच भाग घ्यावा. दुसरा नियम घड्याळाचा. या शहरात प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली आहे, कारण ती गोष्ट करणाऱ्या माणसाची पाळी ठरलेली आहे. पाळ्या ओळखल्या की शहर ओळखता येते. तिसरा नियम मुक्कामाचा. दादर किंवा परळच्या आसपास, स्टेशनापासून चालत जाता येईल अशी साधी खोली घ्यावी. तेथून मध्य आणि पश्चिम हे दोन्ही रेल्वेमार्ग हाताशी येतात, आणि रात्री परतताना फार लांब जावे लागत नाही. चौथी गोष्ट सावधगिरीची. रविवारी दिवसा रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो. कोणत्या मार्गावर आहे हे शनिवारीच पाहून ठेवावे. आपण फिरतो तेव्हा रुळांवर माणसे कामाला असतात, हेही त्या निमित्ताने ध्यानात राहते.

आता शनिवार. सकाळी सामान खोलीवर टाकून दक्षिणेस फोर्टाकडे जावे. न्याहारी इराण्याकडे करावी. धोबी तलावाजवळचे कयानी १९०४ पासून चालू आहे. ब्रून मस्का चहात बुडवून खावा. घाई असेल तर बनमस्का आहेच. संगमरवरी टेबलांच्या या हॉटेलांनी मुंबईच्या साध्या माणसाला एक मोठी सोय दिली. एका कपाच्या किमतीत बसायला जागा मिळे. चाळीच्या खोलीत पाय पसरायला जागा नसलेल्या माणसाला तेवढ्या जागेचे मोल किती, हे सांगावयास नको. अशी हॉटेले आता फार थोडी उरली आहेत, म्हणून तेथे अवश्य जावे.

तेथून चालत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पाहावे. १८८८ साली पुरी झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारशात आहे. समोरच्या बाजूस उभे राहून वरची दगडी पाने, पक्षी, प्राणी निवांत पाहावेत. ज्यांना रोज गाडी पकडायची असते त्यांना ही चैन परवडत नाही. मग छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ साली लोकांसाठी उघडलेल्या या संग्रहालयाचे सर्व विभाग एका भेटीत पाहण्याचा हट्ट धरू नये. मूर्तिशिल्पांचे दालन आणि लघुचित्रांचे दालन, एवढी दोन नीट पाहिली तरी तिकिटाचे पैसे वसूल होतात. दुपारचे जेवण बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानियात घेता येईल. हे हॉटेल १९२३ सालचे. त्याचा बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. मात्र हे दुपारचे ठिकाण आहे. संध्याकाळी तेथे जेवण्याच्या आशेने जाऊ नये. जेवण झाल्यावर खोलीवर परतून दोन तास झोपावे. ही सूचना ऐकून मंडळी हसतात, पण ज्याला रात्र पाहायची आहे त्याने दुपार राखली पाहिजे. रात्रपाळीच्या कामगाराला हे कोणी शिकवावे लागत नाही.

शनिवारची संध्याकाळ मराठी नाटकाची. दादरचे शिवाजी मंदिर १९६५ पासून उभे आहे. शनिवार-रविवारी मराठी नाटकांचे प्रयोग भरपूर असतात. वृत्तपत्रातील जाहिरात आठवडाभर आधी पाहून तिकीट काढून ठेवावे. आपल्या गावी दौऱ्यावर येणारे नाटक त्याच्या घरी पाहण्यात वेगळी मौज आहे. तेथला प्रेक्षक कोठे हसतो, कोठे गप्प बसतो, हेही पाहण्यासारखे असते. मध्यंतरात बटाटावडा खावा. वडापावाची पहिली गाडी १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेरच लागली, असे सांगतात. गिरणीत जाताना उभ्याउभ्या खाता येईल आणि खिशाला परवडेल असे हे अन्न होते, म्हणून ते टिकले.

आता रात्र. दादरहून दोन स्टेशनांवर लोअर परळ आहे. तेथे एके काळी गिरण्यांचे भोंगे वाजत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा धडपणे उभ्या राहिल्या नाहीत, आणि पुढे त्यांच्या आवारांत कचेऱ्या, मॉल, उपाहारगृहे, गाण्याबजावण्याची ठिकाणे आली. आजचे मुंबईचे रात्रजीवन पुष्कळसे या आवारांत आहे. २०२० च्या जानेवारीत राज्य सरकारने अनिवासी भागांतील मॉल आणि गिरण्यांच्या आवारांतील दुकाने व उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्यास मुभा दिली. मद्यासाठी मात्र रात्री दीडची मर्यादा तशीच ठेवली.

तेथे जावे काय? अवश्य जावे. मी कामगार-चळवळीतला माणूस म्हणून आपणांस करमणुकीपासून परावृत्त करीन, अशी कोणाची कल्पना असेल तर ती चूक आहे. गाणे ऐकावे, एखादा नवा पदार्थ चाखावा, तरुण मुले कशी नाचतात ते पाहावे. पण तीन गोष्टी पाळाव्यात.

पहिली : आत शिरताच बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता कोठे आहे हे डोळ्यांनी पाहावे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरील उपाहारगृहांस आग लागली आणि चौदा माणसे मेली. करमणुकीला गेलेली माणसे होती ती. दुसरा दरवाजा दिसला नाही, किंवा तेथे खोक्यांचा ढीग दिसला, तर बिनदिक्कत उठून दुसरीकडे जावे. गिऱ्हाईक उठून गेले की मालकाला जे कळते, ते नोटिशीने कळत नाही.

दुसरी : परतीचा विचार आधी करावा. रात्री साधारण एकपासून पहाटे चारपर्यंत लोकल नसते. म्हणून एक तर शेवटची गाडी गाठावी, नाही तर टॅक्सीचे पैसे वेगळे काढून ठेवावेत.

तिसरी : बिल नीट वाचावे. बिलात जोडलेला सेवाआकार सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ साली त्या उचलून धरल्या. वाढप्याला द्यायचे ते त्याच्या हाती द्यावे.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगतो. हॉटेल-कामगारांची सभा घ्यावयाची तर रात्री दीडनंतर घ्यावी लागते, कारण त्याआधी कोणी मोकळा नसतो. अशा एका सभेत मी एका पोराला सहज विचारले, “समुद्र पाहिलास का रे?” तो म्हणाला, “आलो त्या दिवशी पाहिला, साहेब.” त्याला येऊन तीन वर्षे झाली होती. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याचे सातही दिवस व्यवसाय चालू ठेवण्यास मोकळीक दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक पुरा दिवस सुट्टी दिलीच पाहिजे, असेही त्यात सांगितले. दुकान रोज उघडे राहावे, माणसाने मात्र रोज राबू नये, असा त्याचा अर्थ. यातील पहिला भाग मालकांना चटकन समजला. दुसरा समजावीत आम्ही फिरतो आहोत. लहान आस्थापनांना तर हा कायदा पुरतेपणी लागूच होत नाही, आणि रात्रीचे खाणे पुष्कळदा तेथेच शिजते.

रविवारी पहाटे जमल्यास चारपाचच्या सुमारास उठून दादर स्टेशनालगतच्या फुलबाजारात जावे. झेंडू, शेवंती, मोगरा यांचे भारे उतरत असतात, हारवाल्या बायका भाव पाडीत असतात. मुंबईची रात्र येथे संपते, की दिवस येथे सुरू होतो, हे सांगणे कठीण. काल रात्री पाहिलेल्या रोषणाईहून हा देखावा मला तरी अधिक आवडतो, आणि त्याला तिकीट नाही.

मग भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावे. हे १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. पूर्वी त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियम असे होते. बुधवारी ते बंद असते, आणि दुरुस्तीसाठीही अधूनमधून बंद राहिले आहे, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. तेथे निरनिराळे धंदे करणाऱ्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. राजेरजवाड्यांच्या तसबिरी सर्वत्र असतात. कारागिरांना काचेच्या कपाटात मानाने बसवलेले क्वचित दिसते. मुलांना घेऊन हे दालन आवर्जून पाहावे.

दुपारचे जेवण लालबाग-परळ भागातील एखाद्या मालवणी खानावळीत करावे. माशाचे कालवण, भात, सोलकढी. पण हे ताट कोठून आले तेही जाणावे. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी-कामगार एका खोलीत दहावीसजण पाळीपाळीने राहत. त्यांना चाळीतल्या बायका महिन्याच्या बोलीवर जेवू घालीत. संपाच्या दिवसांत त्यांनीच उधारीवर चुली पेटत्या ठेवल्या, आणि स्वतः मात्र वाण्याच्या आणि सावकाराच्या व्याजात बुडाल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना एकत्र केले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. संघटनेच्या इतिहासात सभा, मोर्चे यांची नोंद होते. पोळपाटाची नोंद राहून जाते, म्हणून मुद्दाम सांगितले. जेवणानंतर लालबागच्या मसाल्याच्या आणि चिवड्याच्या दुकानांतून घरी न्यायची खरेदी करावी.

संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर किंवा मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसावे आणि काही करू नये. दोन दिवसांच्या आराखड्यात दोन तास मोकळे ठेवणे, हाही आराखड्याचाच भाग आहे. मग रात्रीची गाडी पकडून सोमवारी सकाळी आपापल्या कामावर.

शेवटी एक लहानशी विनंती. या दोन दिवसांत आपणांस चहा देणारा, ताट वाढणारा, खोली झाडणारी, टॅक्सी चालविणारा, अशी पुष्कळ माणसे भेटतील. त्यांतल्या एकाला तरी विचारावे, “तुमची सुट्टी कोणत्या वारी असते?” वार सांगता आला तर आनंद आहे. सांगता आला नाही, तर परत आल्यावर आपल्याच गावच्या बाजारपेठेत, आपल्या नेहमीच्या दुकानातल्या पोऱ्यालाही तोच प्रश्न विचारून पाहावा.