मॉडेल विमानाच्या इंजिनाची निगा

प्रस्तावना

मोटारसायकल, रिक्षा, शेतावरचा पंप ही इंजिनावर चालणारी साधने आपल्या रोजच्या ओळखीची आहेत. त्याच जातीचे, परंतु तळहातावर मावेल एवढे इंजिन रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानात बसवलेले असते. रस्त्यावरचे वाहन बंद पडले तर ते कडेला उभे करता येते. हवेतल्या विमानाला ती सोय नसते. इंजिन थांबताच मिळेल त्या जागी विमान उतरवावे लागते. अनेक महिन्यांच्या मेहनतीने बांधलेले विमान आणि मैदानावरील माणसे, या दोहोंची सुरक्षितता त्या छोट्या यंत्राच्या प्रकृतीवर अवलंबून असते. ही प्रकृती कशी राखावी, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी सांगता येतील :
• फोर-स्ट्रोक इंजिनाच्या चार धावा
• इंधनाची तीन कामे
• झडपांचे अंतर व इंधन-हवेचे मिश्रण जुळवण्याची रीत
• इंजिन हाताळताना घ्यावयाची काळजी

मूळ पाठ

१. थोडा पूर्वेतिहास

जर्मनीतील निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली चार धावांचे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. पुढे मोटारींच्या युगाचा पाया त्याच तत्त्वावर उभा राहिला. मॉडेल विमानांत मात्र दीर्घकाळ टू-स्ट्रोक इंजिनांचेच राज्य होते. ती बांधणीस सोपी आणि वजनास हलकी होती. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ च्या सुमारास ग्लो प्लग प्रचारात आणला आणि ठिणगी पाडणारी जड विद्युत यंत्रणा विमानातून वाहून नेण्याची गरज उरली नाही.

ऑटो यांच्या इंजिनाला शंभर वर्षे झाली, त्याच १९७६ साली जपानमधील ओसाका येथील ओ. एस. कंपनीने ‘एफएस-६०’ हे मॉडेल विमानांसाठीचे फोर-स्ट्रोक इंजिन बाजारात आणले. नावातील ६० हा आकडा ०.६० घनइंच, म्हणजे सुमारे १० घनसेंटिमीटर क्षमता दर्शवतो. पुढे सायतो या जपानी कंपनीनेही अशी इंजिने बनवली. ही इंजिने मोठा पंखा संथ गतीने फिरवतात, इंधन कमी पितात आणि त्यांचा आवाज भारदस्त असतो. जुन्या काळातील विमानांच्या प्रतिकृती बनवणाऱ्यांना तो आवाज विशेष प्रिय आहे. आज विजेच्या मोटारींवर उडणारी मॉडेल विमाने सर्वत्र दिसतात. तरीही फोर-स्ट्रोक इंजिनाची आवड असणारे लोक आहेत आणि यंत्रविद्या शिकू पाहणाऱ्यासाठी ते एक उत्तम पाठ्यपुस्तक आहे.

२. चार धावांचे चक्र

सिलिंडरमध्ये दट्ट्या वरखाली फिरतो. तो पहिल्यांदा खाली येतो तेव्हा आत घेणारी झडप उघडते आणि इंधन व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. ही शोषण धाव होय. दोन्ही झडपा बंद झाल्यावर दट्ट्या वर जातो आणि मिश्रण दाबतो. ही संपीडन धाव होय. मिश्रण पेटते आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो, ती शक्तीची धाव. शेवटी बाहेर सोडणारी झडप उघडते आणि दट्ट्या जळलेले वायू बाहेर लोटतो, ती उत्सर्जनाची धाव.

या चार धावांत क्रँकशाफ्ट दोन फेरे पूर्ण करतो. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट मात्र एकच फेरा करतो. पंखा मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर तो सेकंदाला १५० वेळा फिरतो आणि सिलिंडरमध्ये सेकंदाला ७५ वेळा मिश्रण पेटते. एवढ्या वेगात प्रत्येक झडप योग्य क्षणी उघडली आणि मिटली पाहिजे.

मोटारसायकलच्या इंजिनात ठिणगी कधी पडावी, हे यंत्रणा ठरवते. ग्लो प्लगमध्ये ठिणगी पडत नाही. त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. सुरुवातीस सुमारे दीड व्होल्टच्या बॅटरीने ते तापवावे लागते. इंजिन सुरू झाल्यावर बॅटरी काढून घेतली, तरी ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमची मिथेनॉलवर होणारी क्रिया यांमुळे ते लाल राहते. त्यामुळे मिश्रण कोणत्या क्षणी पेटेल, हे प्लगची उष्णता, सिलिंडरमधील दाब आणि मिश्रणाचे प्रमाण यांवर ठरते.

३. इंधनाची तीन कामे

या इंजिनाच्या इंधनात मुख्यतः मिथेनॉल असते. त्यात एरंडेल किंवा कृत्रिम तेल आणि थोडे नायट्रोमिथेन मिसळलेले असते. मोटारसायकलच्या इंजिनात वंगणाचे तेल तळाशी वेगळे साठवलेले असते. मॉडेल इंजिनात सहसा तशी सोय नसते. इंधनातून येणारे तेलच दट्ट्याच्या कडेने खाली झिरपते आणि बेअरिंग, कॅमशाफ्ट आदी भागांपर्यंत पोहोचते. शिवाय मिथेनॉलचे बाष्प होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते आणि इंजिन गार राहण्यास मदत होते.

म्हणजे शक्ती, वंगण आणि गारवा ही तिन्ही कामे एकच द्रव करतो. या इंजिनाच्या निगेतील सर्वांत महत्त्वाचे सूत्र यातूनच निघते : इंधन कमी पडले की तेलही कमी पडते आणि गारवाही कमी होतो.

मिथेनॉल हे विष आहे, हे क्षणभरही विसरता कामा नये. २०१५ साली मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. ते पोटात गेल्यास दृष्टी जाते, प्राणही जातो. म्हणून इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नये. डब्यावर ठळक चिठ्ठी लावावी आणि तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, यासाठी जवळपास आग किंवा विडी-सिगारेट नसावी. मिथेनॉल हवेतील ओलावाही शोषून घेते, म्हणून झाकण नेहमी घट्ट असावे.

४. नवे इंजिन रुळवणे

नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर पुरते बसलेले नसतात. सुरुवातीला इंधनाचे प्रमाण जास्त ठेवून इंजिन थोडा वेळ चालवावे, थांबवून गार होऊ द्यावे आणि पुन्हा चालवावे. असे अनेक वेळा केल्यावर वेग हळूहळू वाढवावा. या काळात केलेली घाई पुढे इंजिनाच्या आयुष्यातून वजा होते.

५. झडपांचे अंतर

कॅमशाफ्टची हालचाल पुशरॉडमार्फत रॉकरपर्यंत जाते आणि रॉकर झडपेला दाबतो. झडप मिटलेली असताना रॉकर आणि झडपेचे टोक यांमध्ये किंचित अंतर लागते. ते अजिबात नसेल तर झडप पूर्ण मिटत नाही, दाब गळतो आणि इंजिन सुरू होण्यास त्रास देते. ते जास्त झाले तर झडप कमी उघडते, शक्ती घटते आणि टकटक असा आवाज येतो.

ओ. एस. च्या अनेक इंजिनांत हे अंतर ०.०४ ते ०.१० मिलिमीटर एवढे ठेवतात. वहीच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते, यावरून त्याच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. तपासणी इंजिन पूर्ण गार असतानाच करावी. रॉकरवरील झाकण काढावे. पंखा हाताने फिरवून संपीडन धावेच्या शेवटी दट्ट्या सर्वांत वर आणावा. या स्थितीत दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. आता फीलर गेजची ०.०४ ची पट्टी फटीत सरकली पाहिजे आणि ०.१० ची पट्टी जाता कामा नये. फरक असल्यास नट सैल करून स्क्रू जुळवावा, नट पुन्हा आवळावा आणि पट्टी पुन्हा घालून पाहावी, कारण नट आवळताना स्क्रू थोडा हलतो. इंजिनासोबतच्या पुस्तिकेत वेगळे आकडे असतील तर तेच प्रमाण मानावेत.

६. मिश्रण जुळवणे

कार्ब्युरेटरमधील सुईसारख्या स्क्रूने इंधनाचा प्रवाह कमी-अधिक करता येतो. ही मुख्य सुई आत वळवली की इंधन कमी होते, म्हणजे मिश्रण विरळ होते. ती बाहेर वळवली की मिश्रण दाट होते. गॅरेजमध्ये यालाच ‘लीन’ आणि ‘रिच’ म्हणतात.

प्रथम मिश्रण दाट ठेवून इंजिन सुरू करावे आणि तापू द्यावे. नंतर थ्रॉटल पूर्ण उघडून मुख्य सुई अगदी थोडी थोडी आत घ्यावी. वेग वाढत जातो आणि एका जागी कमाल होतो. नवशिक्याला हीच जागा योग्य वाटते. जाणकार मात्र तेथे थांबत नाही. तो सुई परत बाहेर वळवतो आणि वेग मिनिटाला दोन-तीनशे फेऱ्यांनी उतरू देतो. कमाल वेगावर मिश्रण विरळतेच्या काठावर असते. विमानाने नाक वर केले की इंधनाला टाकीतून चढून यावे लागते, प्रवाह घटतो आणि काठावरचे इंजिन तेल व गारवा या दोहोंना मुकते. म्हणून जमिनीवरच सहकाऱ्याने विमान घट्ट धरून त्याचे नाक वर करून पाहावे. वेग खचला तर मिश्रण विरळ आहे असे समजावे.

यानंतर संथ गतीचे मिश्रण पाहावे. थ्रॉटल कमी करून इंजिन काही सेकंद संथ चालू द्यावे आणि मग थ्रॉटल एकदम उघडावा. इंजिन गुरगुरत, धूर सोडत हळूहळू वेग घेत असेल तर हे मिश्रण दाट आहे. ते एकाएकी बंद पडले तर बहुधा विरळ आहे. कोणता स्क्रू कोणत्या दिशेने वळवायचा, हे पुस्तिकेत पाहावे.

हवामान बदलले की जुळवणीही बदलते. उन्हाळ्यातील तापलेल्या हवेत प्राणवायू कमी असतो, तर हिवाळ्यातील गार हवा दाट असते. मे महिन्याच्या दुपारी जुळवलेली सुई डिसेंबरच्या सकाळी तशीच ठेवली तर मिश्रण विरळ होते. म्हणून उड्डाणाच्या प्रत्येक दिवशी जुळवणी नव्याने तपासावी.

७. पंख्यापासून सावध

वेगाने फिरणारा पंखा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण बोट कापून टाकण्याची ताकद त्यात असते. इंजिन हाताच्या बोटाने सुरू करू नये. त्यासाठी दांडकी किंवा स्टार्टर वापरावा. इंजिन सुरू होताच पंख्याच्या मागे यावे आणि सुई मागूनच फिरवावी. पंख्याच्या समोर किंवा फिरण्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. सैल बाह्या, गळ्यातील दोरी किंवा ओढणी आवरून घ्यावी.

मिश्रण विरळ झाले किंवा इंजिन फार तापले तर ते वेळेआधी पेटते आणि पंख्याला उलटा झटका बसतो. त्या झटक्याने नट सैल होऊन पंखा निसटू शकतो. यासाठी दुहेरी नट वापरतात. प्रत्येक उड्डाणापूर्वी तो आवळलेला आहे का, हे पाहावे. स्टार्टर लावण्यापूर्वी प्लगची बॅटरी काढून पंखा एकदा हाताने फिरवावा. सिलिंडरमध्ये इंधन साचले असेल तर तो अडतो. अशा वेळी जबरदस्ती केल्यास दट्ट्याचा दांडा वाकतो. प्लग काढून इंधन बाहेर पडू द्यावे.

८. दिवस संपल्यावर

घरी परतण्याच्या घाईत बहुतेक इंजिने दुर्लक्षित राहतात. गंज धरतो तो याच वेळी. ज्वलनातून आलेले आम्ल आणि मिथेनॉलने शोषलेला ओलावा दट्ट्याच्या कडेने तळाशी उतरतात आणि पोलादी बेअरिंगला खातात. म्हणून शेवटच्या उड्डाणानंतर टाकी रिकामी करावी आणि नळीत उरलेले इंधन इंजिन चालवून संपवावे. नंतर प्लगच्या छिद्रातून व तळाच्या श्वासनळीतून गंजरोधक तेलाचे काही थेंब सोडावेत आणि पंखा हाताने फिरवून ते सर्वत्र पसरवावे. बाहेरची तेलकट धूळ पुसून इंजिन फडक्यात गुंडाळून ठेवावे.

या कामास दहा मिनिटेही लागत नाहीत, पण पुढच्या वेळी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होईल की नाही, हे त्या दहा मिनिटांत ठरते. चांगल्या कारागिराची ओळख दोन गोष्टींवरून पटते. कमाल वेग हाती आल्यावरही तो थोडे मागे सरतो आणि काम संपल्यावरही यंत्राकडे एकदा वळून पाहतो.

शब्दार्थ

दट्ट्या – सिलिंडरमध्ये वरखाली सरकणारा भाग
संपीडन – दाबून आकारमान कमी करणे
उत्सर्जन – बाहेर टाकणे
रुळवणे – वापराने सुरळीत करणे
श्वासनळी – इंजिनाच्या तळातील वायू व तेल बाहेर सोडणारी नळी

स्वाध्याय

१. मॉडेल इंजिनात इंधन कोणती तीन कामे करते?
२. कमाल वेग मिळाल्यावरही मुख्य सुई बाहेर का वळवतात?
३. पंखा मिनिटाला १०,८०० फेरे घेत असेल तर सिलिंडरमध्ये सेकंदाला किती वेळा मिश्रण पेटेल?
४. तुमच्या परिसरातील मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिराला भेटा. झडपांचे अंतर तो कसे तपासतो, हे आठ-दहा ओळींत लिहा.