बियाणं पारखता, मग गादी का नाही?

शेवटची वेचणी होऊन पऱ्हाट्या उपटल्या, की आमच्या भागात दोन कामं हमखास निघतात. एक रानाची उन्हाळी नांगरट आणि दुसरं घरातल्या गाद्या-रजया उन्हात टाकणं. पहिल्या कामाविषयी आम्ही कृषी खात्याची माणसं दरवर्षी सांगतो. दुसऱ्याविषयी कोणी बोलत नाही. आज मुद्दाम त्यावर लिहितो आहे. कारण गावोगाव फिरताना बांधावर जरा टेकलं, की बोंडअळीच्या आधी कंबरदुखीचा विषय निघतो.

तो निघणारच. १६ लिटरचा फवारणी पंप भरला की पाठीवरचं ओझं १८ ते २० किलोच्या घरात जातं. युरियाची गोणी २०१८ सालापासून ५० किलोऐवजी ४५ किलोची झाली, पण ती उचलणारी पाठ तीच आहे. निंदणी-वेचणीला बायाबापड्या सात-आठ तास वाकलेल्या असतात. दिवसाचं हे ओझं कमी करणं दरवेळी आपल्या हातात नसतं. रात्रीचे सहा-सात तास मात्र आपल्या हातात आहेत. त्या वेळेत पाठीला विसावा मिळाला नाही, तर सकाळी माणूस थकलेलाच उठतो आणि पुन्हा त्याच पाठीवर पंप चढवतो.

आबांची फळी

माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात साठी ओलांडलेले एक शेतकरी आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. वर्षानुवर्षं ते सुतळीच्या बाजेवर झोपायचे. बाजेला मधोमध चांगला झोळ पडलेला. कंबर धरली तेव्हा कोणीतरी सांगितलं, "आबा, फळीवर झोपा." आबांनी बाज उभी केली आणि लाकडी फळ्यांवर नुसती सतरंजी टाकून झोपू लागले. तीन महिन्यांनी मी गेलो तर म्हणाले, "साहेब, मी फळीवर झोपतो का फळी माझ्यावर झोपती, तेच कळंना गेलंय."

त्यानंतर गाडीवर गाद्या विकणारा एक जण दारात आला. 'ऑर्थोपेडिक' असं ठळक छापलेली गादी त्यानं आबांच्या गळ्यात मारली. चार महिन्यांत तिच्या मध्यभागी खड्डा पडला. म्हणजे झोळ, फळी आणि पुन्हा झोळ. आबांची चूक एवढीच, की आयुष्यभर बियाणं दातानं फोडून बघणाऱ्या माणसानं गादी मात्र न पारखता घेतली.

कडक नको, मऊही नको

'पाठ दुखते तर जितकं कडक तितकं चांगलं' ही समजूत आपल्याकडं घट्ट बसली आहे. फळीवर पाठ टेकली की सगळा भार खांदे आणि नितंबांवर येतो, कंबर मात्र अधांतरी राहते. मग तिला सावरायला स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. झोळ पडलेल्या बाजेवर उलटं होतं. धडाचा भारी भाग खाली जातो आणि कणा धनुष्यासारखा वाकतो. दोन्हीकडं नुकसान पाठीचंच.

स्पेनमधल्या डॉक्टरांनी याची रीतसर चाचणी घेतली होती. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी ९० दिवस दिली. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना दुखण्यात आणि हालचालीत जास्त आराम पडला होता. आपण शेतावर दोन वाणांचे प्लॉट शेजारी-शेजारी लावून तुलना करतो, तसाच हा प्रकार.

आता मध्यम कडक ओळखायची कशी? त्यासाठी यंत्र लागत नाही. गादीवर उताणे झोपा आणि कंबरेखाली तळहात सरकवा. हात आरपार मोकळा फिरला तर गादी फार कडक. हात आत जाईचना तर फार मऊ. हात थोडा घासत, अडत गेला तर ती तुमच्या अंगाला बरोबर. मग कुशीवर वळा आणि घरच्या माणसाला मागून बघायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ पाभरीच्या तासासारखी सरळ दिसली पाहिजे. दुकानात नुसती बोटानं दाबून गादी कळत नाही. चप्पल काढून दहा-पंधरा मिनिटं झोपा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पैसे आपले जाणार आहेत.

एकाला मानवली ती दुसऱ्याला मानवेलच असं नाही. अंगानं भारी माणसाला जरा कडक, जाड गादी लागते. किडकिडीत माणसाला तीच गादी फळीसारखी टोचते.

घरचा कापूस, घरची गादी

कापूस पिकवणाऱ्यानं दुसरीकडं बघण्याआधी आपल्या कापसाकडं बघावं. एका माणसाच्या ६ फूट बाय ३ फूट गादीला साधारण ८ ते १० किलो रुई लागते. कापसातून सरकी काढल्यावर ढोबळमानानं तिसरा हिस्सा रुई हाती येते. म्हणजे ३० किलोच्या आसपास कापूस एका गादीला पुरतो.

देशी कापसाचा धागा आखूड आणि जाडसर असतो. गिरणीला तो कमी पसंत, पण गादीला चांगला, कारण दाबला तरी तो लवकर चापट होत नाही. २००२ साली बीटी वाणांना परवानगी मिळाली आणि देशी कापसाचं क्षेत्र फार घटलं. तरी हलक्या रानात काही जण अजून तो घेतात. तसा कापूस घरात असेल तर गादीपुरता बाजूला ठेवायला हरकत नाही.

कापसाच्या गादीचा मोठा गुण असा, की ती पुन्हा उभी करता येते. कापूस दबून गोळे झाले, की पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायची. रोज वापरातली गादी दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यावीच. भरताना आपण समोर बसावं. कापूस सगळीकडं सारखा पसरला पाहिजे आणि टाके जवळजवळ घातले पाहिजेत. टाके विरळ असले तर कापूस कडेला सरकतो आणि मधे नुसती खोळ उरते. तयार गादी विकत घेत असाल तर एका कोपऱ्याची शिवण उसवून आत बघा. पांढऱ्या कापसाऐवजी चिंध्या दळून केलेला रंगीबेरंगी कापूस भरलेला असेल, तर ती गादी लवकर बसणार हे धरून चाला.

फोम घ्यायचा तर वजन करा

फोमची गादी वाईट असते असं मी म्हणणार नाही. वजनाला हलकी असते, म्हाताऱ्या माणसालाही उलटवता येते. पण तिच्यात फसवणूक सोपी आहे. फोमचा कस त्याच्या घनतेवरून कळतो. दुकानदार तिला 'डेन्सिटी' म्हणतात. ३२ डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरला ३२ किलो वजन. हा आकडा जितका कमी, तितकी आत हवा जास्त आणि माल कमी. अशी गादी लवकर बसते.

हिशेब सोपा आहे. गादीची लांबी, रुंदी आणि जाडी फुटात घेऊन गुणाकार करा, म्हणजे घनफूट निघतील. त्याला डेन्सिटीनं गुणा आणि ३५ नं भागा. ६ फूट बाय ३ फूट, ४ इंच जाडीची गादी ६ घनफूट होते. ३२ डेन्सिटीची असेल तर खोळ सोडून तिचं वजन साडेपाच किलोच्या जवळपास भरलं पाहिजे. ४० डेन्सिटीची असेल तर सात किलोच्या जवळपास.

आबांची गादी आम्ही किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. ३२ म्हणून विकलेली गादी साडेतीन किलोसुद्धा भरली नाही. म्हणजे डेन्सिटी जेमतेम २०! 'ऑर्थोपेडिक' शब्द छापला म्हणजे डॉक्टरांनी ती तपासली, असा अर्थ होत नाही. बघायची ती डेन्सिटी, जाडी, लेखी हमी आणि पक्की पावती.

नारळाच्या काथ्याला रबराचा लेप देऊन केलेली गादीही मिळते. ती बरीच कडक असते, हवा खेळती राहते. मात्र नुसती वापरली तर हाडं टोचतात. तिच्यावर पातळ कापसाची गादी टाकली की मेळ चांगला बसतो.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही यात काम आहे. वसतिगृहासाठी किंवा दवाखान्यासाठी गाद्या घेताना दरपत्रकात नुसतं 'गादी नग' लिहू नका. लांबी, रुंदी, जाडी आणि डेन्सिटी लिहा. माल उतरवताना चार-दोन गाद्या काट्यावर घाला.

जमिनीवर अंथरूण? पावसाळ्यात नको

पाठीसाठी म्हणून बरेच जण जमिनीवर झोपतात. पावसाळ्यात हे धोक्याचं आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, कधी कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलताना अडखळणं असं काही दिसलं, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. त्यापेक्षा लाकडी खाट किंवा दिवाण करा, त्यावर मध्यम गादी टाका आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचा. जमिनीवरून उठताना म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्याला आणि कंबरेला जो हिसका बसतो, तोही टळतो.

घरात बाजच असेल तर ती टाकून द्यायची गरज नाही. पायथ्याची दोरी ओढून ताठ ठेवा. झोळ राहतच असेल तर सुतळीवर फळी आणि फळीवर गादी घाला. फाटक्या बाजेवर कितीही महागाची गादी टाकली तरी ती बाजेच्या झोळासारखीच वाकणार.

निगा आणि सवय

कापसाची गादी महिन्यातून एकदा दोन्ही अंगांनी कडक उन्हात टाका. फोमला मात्र कडक ऊन नको, त्यानं तो पिवळा पडून भुगा होतो. त्याला सावलीत हवा द्या. दोन-तीन महिन्यांनी गादीचं उशाचं टोक पायथ्याला करा. ढेकूण झाले तर पिकावरचं कीटकनाशक गादीवर कधीही मारू नका. त्या गादीवर रात्रभर नाक ठेवून आपलीच लेकरं झोपतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा आपण विसरलेलो नाही. खोळी-चादरी उकळत्या पाण्यात धुवा, खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता आणि गादीला ऊन दाखवा.

उताणे झोपणाऱ्यानं गुडघ्याखाली आणि कुशीवर झोपणाऱ्यानं दोन गुडघ्यांच्या मधे उशी घ्यावी. पालथं झोपणं टाळावं. सकाळी झटक्यात उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताचा रेटा देऊन उठा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गादी म्हणजे औषध नव्हे. कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, रात्री दुखणं वाढून ताप येत असेल, वजन घटत असेल तर डॉक्टरांकडं जा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी जा. साध्या कंबरदुखीत मात्र महिना-महिना अंथरुणाला खिळून राहू नका. झेपेल तेवढं चालतं-फिरतं राहिलेलं बरं.

आबांनी शेवटी काय केलं? माळ्यावर पडलेली लग्नातली जुनी गादी काढली, थोडा नवा कापूस घालून पिंजून घेतली आणि त्याच फळ्यांवर टाकली. दुखणं पार गेलं असं ते म्हणत नाहीत. पण परवा सकाळी गेलो तर गोठ्यात बसून धार काढत होते. म्हणाले, "आता पहाटंला सुनंला हाक मारावी लागत नाही, माझा मी उठतो."

बियाण्याची पिशवी घेताना आपण लॉट नंबर बघतो, उगवण बघतो, पावती जपून ठेवतो. एक हंगाम बुडाला तर पुढचा येतो, म्हणून माणूस उभा राहतो. पाठ मात्र एकच मिळालेली आहे. यंदाच्या उन्हाळ्यात रान नांगरून झालं, की घरातल्या गाद्यांवरून एकदा हात फिरवा.