नितळ पाण्यातले न दिसणारे जीव



खर्डीच्या वस्त्यांत आयाबहिणी आम्हाला नेहमी विचारतात, "पाणी तर नितळ आहे, मग पोराला जुलाब कशाने?" उत्तर आहे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांत.

जिवाणू इतका बारीक, की पाचशे ते हजार जिवाणूंची रांग जेमतेम एक मिलिमीटर भरते. त्यालाही अन्न, ओलावा आणि ऊब लागते. ती मिळाली की एकाचे दोन, दोनाचे चार होतात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय सगळे अनुकूल असेल तर २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे सात तासांत एकाचे २० लाखांवर! उन्हाळ्यात सकाळचा भात रात्री आंबतो, तो अशाच वाढीमुळे.

सगळे जिवाणू वैरी नाहीत. दुधाचे दही तेच करतात. वालाच्या मुळांवरच्या गाठींत राहून ते झाडाला नत्र पुरवतात. रोग करणारे थोडेच, पण ते मैल्यातून माशीच्या पायाने, न धुतलेल्या हाताने, पावसाच्या लोंढ्याने विहिरीत आणि हंड्यात पोहोचतात.

१८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांना कोलकात्यात एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जिवाणू सापडले. त्यानंतर ४३ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तेव्हा तळे बाटले म्हणून सवर्णांनी त्यात शेण-गोमूत्र ओतून 'शुद्धी' केली! विज्ञान उलटे सांगते. पाणी कोणाच्या जातीने नासत नाही, मैल्याने नासते.

तानसा, भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आपल्याच शहापूर तालुक्यात आहेत. तरी उन्हाळ्यात आपल्या तालुक्यातल्या कित्येक वस्त्या टँकरची वाट पाहतात. मिळेल ते पाणी भरावे लागते, म्हणून घरात एवढे कराच:

• पाण्याला खळखळून उकळी फुटली की आणखी एक मिनिट उकळू द्या. सरपण नसेल तर क्लोरीनची गोळी वेष्टनावरील प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा.
• हंडा झाकून ठेवा. पेला बुडवू नका, लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घ्या.
• शौचानंतर, बाळाचे ढुंगण धुतल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा.
• जुलाब लागताच ओआरएस द्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ ढवळून थोडे थोडे पाजा. अंगावरचे दूध तोडू नका.
• डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल सुस्त पडले किंवा शौचात रक्त दिसले, तर तडक दवाखाना गाठा.

विहिरीत टीसीएल पावडर कधी टाकली, हे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला जरूर विचारा. हे विचारणे म्हणजे भांडण नव्हे, तो आपला हक्क आहे.