मेल उघडला, हे त्यांना कळतं कसं?

विरारच्या बोळिंज भागात घर शोधणाऱ्याने एखाद्या पोर्टलवर चौकशी केली, की पुढचे कित्येक महिने बिल्डर आणि एजंटांचे मेल येत राहतात. त्यातला एक सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये सहज उघडावा आणि दुपारी नेमका त्याच प्रोजेक्टवाल्याचा फोन यावा, असंही घडू शकतं. मग ‘मोबाइल आपलं बोलणं ऐकतो’ अशी चर्चा डब्यात रंगते. पण ऐकायची गरजच काय? ती चुगली मेलनेच केलेली असू शकते.

मेलमध्ये दिसणारी सगळी चित्रं मेलसोबत आलेली नसतात. बरीचशी पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर असतात आणि मेल उघडला की तिथून मागवली जातात. यालाच रिमोट कंटेंट म्हणतात. त्यातलं एखादं चित्र एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच आणि पारदर्शक असतं, म्हणजे डोळ्यांना दिसतच नाही. त्याच्या वेबपत्त्याला अक्षरं-आकड्यांची लांबलचक शेपटी असते आणि ती प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी. कोणती शेपटी किती वाजता मागितली गेली याची नोंद झाली, की मेल कोणी, केव्हा आणि किती वेळा उघडला हे समजलं. बऱ्याचदा फोन कोणत्या प्रकारचा आहे, तेही.

‘म्हणजे घरचा पत्ताही गेला!’ नाही, एवढं नाही. चित्र मागवताना आपला आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, पाठवणाऱ्याला दिसतो, पण त्यावरून फार तर शहराचा अंदाज बांधता येतो. मोबाइल डेटावर तर असंख्य ग्राहक एकाच आयपीमागे असतात, त्यामुळे नालासोपाऱ्यात बसलेला माणूस मुंबईत दिसू शकतो. फ्लॅट नंबर मेल उघडल्याने कळत नाही. तो आपणच कुठल्यातरी फॉर्मात भरलेला असतो. तसंच, हा पिक्सेल म्हणजे व्हायरस नव्हे. स्पॅम पाठवणाऱ्याला मात्र ‘हा पत्ता चालू आहे’ एवढं त्यातून कळतं, आणि त्याला तेवढं पुरतं.

‘जीमेल आहे ना, मग काळजी नाही’ हे अर्धं खरं. डिसेंबर २०१३ पासून जीमेल ही चित्रं गुगलच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवतं, त्यामुळे आपला आयपी पाठवणाऱ्यापर्यंत पोचत नाही. पण शेपटी तीच राहते, त्यामुळे मेल उघडल्याचं कळतंच. तेही नको असेल तर सेटिंगमध्ये बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारण्याचा पर्याय निवडावा लागतो, आणि तो प्रत्येक खात्यासाठी वेगळा. इन्कॉग्निटो विंडोचाही इथे उपयोग नाही. शेपटी मेलमध्येच आहे, ब्राउझरमध्ये नाही.

खरा घोळ होतो तो एकाहून जास्त खाती असली की. वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा असलेल्या उद्योजकाचंच घ्या. स्वतःचं जीमेल, कंपनीच्या डोमेनचा मेल, जुनं याहू आणि तो सोसायटीचा सेक्रेटरी असेल तर सोसायटीचंही खातं. ‘एकदा सेटिंग केलं की झालं’ असं त्याला वाटतं. पण चित्र आणायचं की नाही हे मेल दाखवणारं ॲप ठरवतं. जीमेलच्या वेबसाइटवर ‘आधी विचारा’ केलं आणि तेच खातं आयफोनच्या मेल ॲपमध्ये जोडलं, तर तिथे ॲपलचे नियम चालतात.

ते नियम बरे आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १५ पासून मेल ॲपमध्ये असं संरक्षण आहे, की ते चालू केलं तर आपण मेल उघडो वा न उघडो, चित्रं ॲपलच्या सर्व्हरमार्फत आधीच आणून ठेवली जातात. त्यामुळे पाठवणाऱ्याच्या हाती आलेली ‘उघडला’ ही नोंद बिनकामाची ठरते. मात्र त्याच आयफोनवर जीमेलचं ॲप वापरलं तर हे संरक्षण लागू होत नाही.

थंडरबर्ड या मेल प्रोग्रामची गंमत वेगळीच. संगणकावर ते रिमोट कंटेंट मुळातच अडवतं, पण हे सेटिंग आणि त्यातल्या अपवादांची यादी सगळ्या खात्यांना मिळून एकच. घरच्या खात्यात ज्या पत्त्याला कायमची परवानगी दिली, त्याला कंपनीच्या खात्यातही ती मिळते. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो, हे विसरू नये. अँड्रॉइडवरच्या के-नाइन मेल या ॲपमध्ये उलट आहे. तिथे प्रत्येक खात्याला स्वतंत्रपणे विचारलं जातं: चित्रं कधीच दाखवायची नाहीत, फक्त ओळखीच्यांची दाखवायची, की सगळ्यांची? मला ही पद्धत जास्त शहाणी वाटते.

‘चित्रं अडवली तर बिलं दिसणार नाहीत’ ही भीतीही नको. मेलला जोडून आलेली पीडीएफ रिमोट कंटेंट नसते. अडतो तो लोगो आणि जाहिरात. उलट बाजूने, चित्रं अडवल्याने माग पूर्ण सुटला असंही नाही. लिंकनाही तशाच शेपट्या असतात आणि त्या आपण बोटाने दाबेपर्यंत गप्प असतात. बँकेच्या किंवा महापालिकेच्या नावाने आलेल्या मेलमधली लिंक दाबण्यापेक्षा पत्ता स्वतः टाइप करून गेलेलं बरं.

राहता राहिलं सोसायटीचं खातं. एकच पासवर्ड सेक्रेटरी, खजिनदार आणि मॅनेजर यांच्या फोनवर, तीन वेगळ्या ॲपमध्ये. दोघांनी चित्रं अडवली आणि तिसऱ्याच्या फोनवर ती मोकळी असली, तरी मेल उघडल्याची बातमी जातेच. नवी कमिटी आली की पासवर्ड बदलावा, खातं गुगलचं असेल तर त्याच्या सुरक्षा विभागातली डिव्हाइसची यादी उघडून जुने फोन साइन आउट करावेत, आणि मग उरलेले फोन एकेक करून हातात घेऊन त्यांच्या ॲपमधलं चित्रांचं सेटिंग तपासावं.